जुनी गाडी आणि नवा ब्रेक

उभी यंत्रे आणि चालती यंत्रे असे यंत्रांचे दोन वर्ग मानले, तर त्यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीही दोन असल्या पाहिजेत. उभ्या यंत्राकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहता येते. चालत्या यंत्राकडे कर्तव्याच्या दृष्टीने पाहावे लागते. ह्या दोन्ही दृष्टी एकाच गावात पाहावयाच्या असतील तर अहमदनगरास जावे. २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या ह्या शहरात चिलखती दलाच्या प्रशिक्षणकेंद्राचे रणगाडा-संग्रहालय १९९४ सालापासून आहे. तेथील जुन्यातल्या जुन्या वाहनांत रोल्स रॉईस कंपनीची सिल्व्हर घोस्ट जातीची एक चिलखती मोटार उभी आहे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास ह्या जातीच्या मोटारींना ब्रेक असत ते मागच्या चाकांना. अंगावर मात्र पोलादी पत्र्याचे कित्येक टन ओझे असे. आज त्या मोटारीच्या ब्रेकविषयी कोणी तक्रार करीत नाही. ती कोठे जातच नाही. तिला थांबविण्याचा प्रश्न उरलेला नाही.

ह्याच शहराच्या बाहेर वाहननगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. मोटार वाहन नियमांतील १२६व्या नियमाप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत हिची गणना होते. तेथे वाहनाचे सौंदर्य अगर कुळ विचारले जात नाही. ते किती वेगात होते आणि किती अंतरात थांबले एवढेच विचारले जाते. संग्रहालय आणि परीक्षणशाळा ह्या दोन्ही संस्था आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. अडचण येते ती एखादा मनुष्य संग्रहालयात शोभेल अशी वस्तू घेऊन रस्त्यावर उतरतो तेव्हा. वारशाने आलेल्या वस्तूत फेरफार करण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, आणि तो फेरफार कोणाच्या हितासाठी करावयाचा, हा नीतीचा प्रश्न त्या वेळी अगदी लोखंडी रूप धारण करून समोर येतो.

आमच्या मध्यमवर्गीय घरांतून जी जुनी मोटार अजून जिव्हाळ्याने सांभाळली जाते ती बहुधा दोहोंपैकी एक असते. एक, वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, जी १९७४ पासून पद्मिनी ह्या नावाने ओळखली गेली. आणि दुसरी, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले ती ॲम्बॅसॅडर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेऊन गेली. तेव्हापासून घरोघरच्या उरल्यासुरल्या पद्मिनींविषयीचे ममत्व अधिकच वाढले आहे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असत. ॲम्बॅसॅडरही आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग ड्रमवरच चालली. पुढच्या चाकांचे ड्रम काढून तेथे एखाद्या अलीकडच्या गाडीचे डिस्क आणि कॅलिपर बसवावेत, हा विचार म्हणूनच पुष्कळ मालकांच्या मनात येतो. पुष्कळजण तो अमलातही आणतात, आणि इंजिनाच्या शक्तीवर चालणारा बूस्टर न लावता, केवळ पायाच्या जोरावर नवा ब्रेक चालेल अशी अपेक्षा धरतात.

फळ पुष्कळदा विपरीत येते. पेडल दगडासारखे कडक लागते आणि गाडी पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. कधी उलट होते, पेडल स्पंजासारखे दबत जाते. कधी चार मैलांनंतर चाके तापून ब्रेक आपोआप चिकटू लागतो. मालक म्हणतो, नवा माल खोटा निघाला. मेकॅनिक म्हणतो, जुन्या गाडीला हे मानवतच नाही. आमच्या मते दोघेही दोष वस्तूत शोधतात. तो बहुधा वस्तूत नसतो, संबंधात असतो. हे कसे, ते थोडे खोलात जाऊन पाहणे अवश्य आहे.

ड्रमचा ब्रेक १९०२ साली फ्रान्सात लुई रेनो ह्यांनी प्रचारात आणला. आणि योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनी डिस्कच्या ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रमला मान्यता लगेच मिळाली, डिस्कला पन्नास वर्षे वाट पाहावी लागली. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क लावलेल्या जॅग्वार गाड्या विजयी झाल्या, १९५५ साली सित्रोएनने आपल्या डीएस ह्या घरगुती मोटारीला पुढे डिस्क दिले, आणि मग प्रवाह फिरला. ड्रम एवढा काळ टिकला ह्याचे एक कारण त्याच्या अंगच्या एका गुप्त गुणात आहे. दाराखाली सरकविलेली पाचर आठवावी. दार त्या बाजूला जितके रेटावे तितकी ती अधिक घट्ट होते. घट्ट करण्याचे काम दारच करते. ड्रमच्या आतला पुढचा शू असाच आहे. तो फिरत्या ड्रमला टेकला की ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढून आणखी आवळतो. चालकाचा पाय थोडा जोर देतो, बाकीचा जोर धावत्या गाडीकडूनच उसना मिळतो. ज्या गाड्यांत पुढच्या चाकांचे दोन्ही शू असे ओढले जाणारे असतात, त्या चढावर मागे घसरू लागल्या की तोच ब्रेक कमी धरतो. कारण चाक उलटे फिरले की ही मदत बंद होते.

डिस्कच्या अंगी हा गुण नाही. दोन पॅड दोन्ही बाजूंनी तबकडीला चिमटीत धरतात. तबकडी त्यांना मदतही करीत नाही आणि फसवीतही नाही. जेवढा दाब तेवढीच पकड. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो, घर्षण कमी होते, आणि घर्षणावरच उसनी मदत अवलंबून असल्यामुळे तीही त्याबरोबर ढासळते. लांब उतारावर ड्रमचा ब्रेक अकस्मात दगा देतो असे वाटते त्याचे रहस्य हेच होय. डिस्क उघड्या हवेत थंड होते, पाणी झटकून टाकते, आणि शेवटपर्यंत बरीचशी एकसारखी वागते. सारांश, डिस्क अधिक प्रामाणिक आहे. पण तिला मजुरी पूर्ण द्यावी लागते.

येथेच पहिल्या तक्रारीचे मूळ सापडते. ड्रम काढताना मालकाने लोखंडाचे चार तुकडे काढले असे त्याला वाटले. वस्तुतः त्याने एक न दिसणारा मदतनीस काढून टाकला. एवढी वर्षे जो जोर तो आपल्या पायाचा समजत होता, त्यातला मोठा भाग त्या मदतनिसाचा होता. आता ती उणीव कोठून तरी भरून काढली पाहिजे. हिशेब सोपा आहे. पेडलची तरफ सहास एक असेल आणि पाय तीस किलोचा जोर देत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर १८० किलोचा जोर पडतो. सिलिंडरचा व्यास एक इंच असल्यास तेलावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५ किलो दाब येतो. तोच व्यास सात-अष्टमांश इंच केला तर दाब सुमारे ४६ किलो होतो. तरफ चारास एक असेल, म्हणजे बूस्टरच्या गाडीला योग्य अशी असेल, तर एक इंची सिलिंडरात तोच पाय २४ किलोंच्या आतच अडकतो. परंतु निसर्ग कोणालाही फुकट देत नाही. व्यास लहान केला की तेवढेच तेल ढकलण्यास पेडल अधिक खोल जाते. फार लहान केला तर पॅड आवळण्यापूर्वीच पेडल तळाला टेकते. जोर आणि अंतर ह्यांतील हा सौदा ज्याने मनात मांडला नाही त्याने स्पॅनर हातात घेऊ नये.

दुसरी खूण चिकटणाऱ्या ब्रेकची. ड्रमसाठी केलेल्या कित्येक मास्टर सिलिंडरांत एक लहानशी झडप असते. पाय उचलल्यावरही ती दर चौरस इंचाला सुमारे दहा पौंडांचा दाब नळीत शिल्लक ठेवते, म्हणजे चाकाजवळच्या रबरी वाट्या ताठ राहून हवा आत शिरत नाही. ड्रमच्या शूंना मागे खेचणाऱ्या दमदार स्प्रिंगा असल्यामुळे हा उरलेला दाब त्यांना जाणवत नाही. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. त्याचा पिस्टन रबरी सीलच्या नाममात्र ताणाने मागे येतो. त्यामुळे जी झडप जुन्या व्यवस्थेत राखणदार होती, तीच नव्या व्यवस्थेत उपद्रवी ठरते. पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते. पुशरॉड प्रमाणाहून लांब राहिला तरी परिणाम हाच होतो. पिस्टन पुरता मागे येत नाही, तेल परत जाण्याचे छिद्र उघडत नाही, आणि उष्णतेने फुगणारे तेल स्वतःच ब्रेक लावू लागते.

अशा वेळी काय करावे? गाडी जॅकवर घ्यावी, पेडल दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. फिरत नसेल तर कॅलिपरची एअर काढावयाची निपल सैल करावी. तेल उडून चाक मोकळे झाले तर दाब कोंडला होता असे समजावे. मोकळे झाले नाही तर पिस्टन अगर कॅलिपरच जाम आहे. दाब कोंडला असल्यास पुन्हा पेडल दाबून मास्टर सिलिंडरजवळचा सांधा सैल करावा. चाक सुटले तर दोष सिलिंडराकडे, म्हणजे झडपेकडे किंवा पुशरॉडकडे. न सुटले तर आतून सुजलेल्या जुन्या होज पाइपकडे संशय न्यावा. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर कॅलिपरची निपल वर आहे की खाली ते पाहावे. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली जाते आणि कितीही तेल घातले तरी वर अडकलेली हवा निघत नाही. पेडल फार खोल जात असेल तर पुढचे नवे काम उकरण्यापूर्वी मागच्या ड्रमचे शू नीट ॲडजस्ट केले आहेत की नाहीत ते तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून दोष गेला तर गुन्हेगार कोण होता हे कधीच कळत नाही. आणि जे कळले नाही ते पुन्हा उद्भवते.

ह्या क्रमाने जाण्याऐवजी आपण बहुधा काय करतो? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेतो. पेडल कडक लागले की बूस्टर आणतो, बूस्टरने भागले नाही की आणखी मोठा कॅलिपर आणतो. आणि पुढचा ब्रेक चांगला धरावा म्हणून साऱ्या नळ्यांतला दाब वाढविला की एक नवेच संकट उभे राहते. मागचे ड्रम अजून जुन्याच स्वभावाचे, उसनी मदत घेणारे असतात. त्यांना एवढा दाब नको असतो. ब्रेक मारताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागची हलकी झालेली चाके आधी लॉक होतात, आणि गाडी जागच्या जागी फिरू लागते. म्हणून मागच्या नळीत दाब मर्यादित करणारी झडप घालून दोहोंचे प्रमाण जमवावे लागते. अवयव अधिक बलवान झाला की शरीर अधिक सुरक्षित झाले, असा हिशेब येथे चालत नाही.

हा विचार आमच्या परंपरेला नवा नाही. मिलिंदप्रश्न ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदास विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय. चाके, आस की दांडी? एकेक भाग वेगळा काढून पाहिला तर रथ कोठेच सापडत नाही. भाग एकमेकांशी विशिष्ट रीतीने जोडले गेले म्हणजे त्याला रथ हे नाव मिळते. नागसेनाचा हेतू आत्म्याविषयी बोलण्याचा होता. पण गॅरेजमध्येही तो तितकाच खरा आहे. ब्रेक हा भाग दुकानात मिळत नाही. दुकानात डिस्क, पॅड, सिलिंडर, नळी मिळते. ब्रेक हा त्यांचा परस्परसंबंध आहे, आणि तो प्रत्येक गाडीत नव्याने जुळवावा लागतो. संसाराचेही पुष्कळसे असेच आहे. एकत्र कुटुंब मोडून स्वतंत्र बिऱ्हाड केले की मोकळीक मिळते हे खरे. पण मुलाला ताप आला त्या रात्री कळते की पूर्वीचे आपले धैर्य सगळेच आपले नव्हते. म्हणून बिऱ्हाड करू नये असे नाही. गेलेल्या मदतीची जागा भरण्याची सोय आधी करावी, एवढेच.

आता शुद्धतावाद्यांचा आक्षेप. ते म्हणतात की जुनी गाडी हा एक दस्तऐवज आहे. १९६५ साली मनुष्य कसा थांबत असे हे पुढच्या पिढीस कळावयाचे असेल तर त्यात खाडाखोड करू नये. हा आक्षेप हलका नव्हे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी जे व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यांनीही चेसी, बॉडी आणि इंजिन ह्यांत मोठा फेरफार न केलेल्या मूळ स्वरूपावरच भर दिला, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई केली. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदलाला आडकाठी करते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ती आडकाठी उचलून धरली. तेव्हा हातोडा उचलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे हे कर्तव्याचे पहिले पाऊल होय. तसेच जो बदल करावयाचा तो परत फिरविता येईल असा असावा. मूळ भागाला कापाकापी अगर वेल्डिंग न करता, जुने ड्रम आणि शू ग्रीस लावून जपून ठेवून करावा.

परंतु आमच्या भाषेत जतन ह्या शब्दाच्या शेजारी जीर्णोद्धार हाही शब्द आहे. ज्यांचे नाव आज ह्या जिल्ह्यास मिळाले आहे त्या अहिल्याबाई होळकर ह्याच जिल्ह्यातील चौंडीच्या. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले ते प्रेक्षकांसाठी नव्हे, पूजेसाठी. जीर्णोद्धारात वस्तू पुन्हा तिच्या कामाला लावण्याची प्रतिज्ञा असते. ज्याला आपली गाडी दस्तऐवज म्हणून ठेवावयाची आहे त्याने ती अवश्य तशीच ठेवावी, आणि उभी ठेवावी. ज्याला ती चालवावयाची आहे त्याने हे ओळखावे की तिचे इतर सर्व भाग त्याचे आहेत, पण ब्रेक त्याचा एकट्याचा नाही. रंग, गाद्या, इंजिनाचा आवाज ह्यांचा उपभोग मालक घेतो. ब्रेकचा उपयोग मात्र जो गाडीत बसलेलाच नाही त्यालाही होतो. चंदनापुरी घाट किंवा करंजी घाट उतरताना वळणापलीकडे कोण आहे हे चालकाला दिसत नसते. ऊसाच्या हंगामात ह्या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून काठोकाठ भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर संथपणे जात असतात. गाडीवानाने आपल्या मागून येणाऱ्या मोटारीचे मॉडेल विचारलेले नसते. मूळ ड्रमचे महत्त्व त्याला समजावून सांगण्याची संधीही आपणांस मिळावयाची नसते. त्याने आपल्यावर विश्वास ठेवला आहे, आणि तोही न विचारता.

म्हणून ह्या प्रश्नाचा निकाल लावण्याचा अधिकार आम्ही शुद्धतावाद्यालाही देत नाही आणि सुधारकालाही देत नाही. तो त्या गाडीवानाला देतो. त्याच्या दृष्टीने पाहिले असता नीट लाइनर असलेला, नीट ॲडजस्ट केलेला, कोरडा ड्रम आणि आपली मर्यादा ओळखून हळू चालणारा चालक हे पूर्णपणे सन्मान्य आहेत. डिस्क लावलीच पाहिजे असा धर्म नाही. वेग दुप्पट झाला तर गाडीची ऊर्जा चौपट होते, तेव्हा वेग कमी करणे हाही एक ब्रेकच आहे, आणि त्याला कोणत्याही दुकानातून भाग आणावा लागत नाही. तसेच पुरती जुळविलेली, तपासलेली डिस्कही सन्मान्य आहे. असन्मान्य आहे ती अर्धी सुधारणा. जुना ब्रेक कमकुवत असला तरी चालकाच्या पायाला त्याची सवय असते. तो किती अंतर मागतो हे त्याला ठाऊक असते. नवा अर्धवट ब्रेक मनात विश्वास उत्पन्न करतो आणि तो विश्वास फेडण्याची शक्ती त्याच्यात नसते. ज्याने डिस्क बसविली पण पेडलची तरफ मोजली नाही, झडप पाहिली नाही, मागच्या चाकांचे प्रमाण जमविले नाही, त्याने गाडी सुधारली नाही; फक्त आपली भीती घालविली. आणि उतारावर चालकाची भीती हा पुष्कळदा शेवटचा शिल्लक राहिलेला ब्रेक असतो.

यावरून व्यवहाराचा नियम असा निघतो. नवे काम झाल्यावर गाडी लगेच घाटात नेऊ नये. आधी मोकळ्या आवारात, वीस किलोमीटरच्या वेगाने, मग तीसच्या, असे पुनःपुन्हा थांबून पाहावे. मध्यंतरी डिस्क थंड होऊ द्यावी, म्हणजे नवे पॅड तबकडीवर नीट बसतील. गाडी एका अंगास ओढते काय, मागची चाके आधी लॉक होतात काय, थांबल्यानंतर कोणते चाक इतरांहून तापले आहे, हे पाहावे. ह्यांतील एका जरी प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर ती गाडी तोपर्यंत संग्रहालयातील गाडीप्रमाणेच मानावी. तिला पाहावे, पुसावे, तिच्यावर प्रेम करावे, पण तिला आवाराबाहेर नेऊ नये. हे बंधन कोणताही पोलीस घालू शकत नाही, कारण फाटकाच्या आत काय झाले हे त्याला दिसत नाही. ते मालकाने स्वतः घालून घ्यावयाचे असते. वारसा सांभाळणे हे पुण्यकर्म आहे ह्यात शंका नाही. परंतु त्याचा खर्च आपल्या खिशातून आणि आपल्या धीरातून व्हावा. रस्त्यावरच्या अनोळखी मनुष्याच्या जिवातून तो वसूल करण्याचा हक्क कोणत्याही वारसदारास मिळालेला नाही.